जगभरच्या जनावरांचा नकाशा: वापरायचा असेल तर

'ग्रिडेड लाइव्हस्टॉक ऑफ द वर्ल्ड' हा एफएओचा (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) फुकट मिळणारा नकाशासंच. मी तिसरी आवृत्ती वापरते. ती 2018 ची, आकडे मात्र 2010 सालचे. गाई, म्हशी, घोडे, मेंढ्या, शेळ्या, डुकरं, कोंबड्या, बदकं, प्रत्येकाचा थर, म्हणजे नकाशा, वेगळा. विषुववृत्तावर साधारण 10 किलोमीटरची एक चौकट, आणि तिच्यात अंदाजे किती जनावरं.

अंदाजे म्हणजे अंदाजेच हं! पशुगणनेचे आकडे हवामान, झाडोरा, वस्ती बघून रँडम फॉरेस्ट या मशीन लर्निंगच्या पद्धतीने चौकटींत वाटलेले आहेत. त्यामुळे 'इतका पाऊस तिथे इतक्या गाई' असला निष्कर्ष यावरून काढायला गेलात तर फसाल; जे घातलंय तेच परत हाती येणार. त्यासाठी सोबत दुसरा थर दिलाय, आकडे क्षेत्रफळानुसार सरळ वाटलेला. दिसायला ठोकळेबाज, पण मला तोच जास्त भरवशाचा वाटतो.

चरणाऱ्या जनावरांचं ठीक जमलंय. कोंबड्यांचं अवघड, कारण बंदिस्त शेड कुठे आहे हे हवामान कसं सांगणार? साथीच्या रोगांचा ढोबळ अंदाज बांधायला उत्तम, एखाद्या गावाचा आकडा काढायला निरुपयोगी.

फाइल जिओटिफ (जागेची माहिती असलेली चित्रफाइल), क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये सहज उघडते. रंगपट्टी तेवढी लॉगरिदमिक (1, 10, 100 अशा पटीच्या टप्प्यांची) ठेवा, नाहीतर निम्मं जग एकाच रंगाचं दिसेल.