भागाकार शिकवताना: रूढ मांडणी की पटींची वजाबाकी?

चौथी-पाचवीच्या मुलांना मोठ्या संख्यांचा भागाकार शिकवताना शिक्षकांसमोर आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांसमोर मुख्यतः दोन रीती असतात. रूढ रीतीत डावीकडून भाग लावायचा, गुणाकार वजा करायचा आणि पुढचा अंक खाली घ्यायचा. दुसऱ्या रीतीत भाज्यातून भाजकाच्या सोयीच्या पटी वजा करत जायचे. जितक्या पटी काढल्या त्यांची बेरीज म्हणजे भागाकार. अमेरिकेतील ‘कॉमन कोअर’ या शालेय अभ्यासाच्या निकषांत रूढ रीत सहावीत अपेक्षित असून चौथी-पाचवीत स्थानिक किमतीवर आधारलेल्या रीतींना वाव आहे. त्यामुळे तिकडच्या मराठी पालकांना मुलांच्या वहीतला भागाकार कधी कधी अनोळखी वाटतो.

दोन्हींतला खरा फरक भाजक दोन अंकी झाल्यावर कळतो. 1711 ला 29 ने भागायचे आहे असे समजू. रूढ रीतीत 171 मध्ये 29 किती वेळा जातात याचा अंदाज करावा लागतो. सतरामध्ये दोन आठ वेळा जातात म्हणून मूल 8 लिहिते, पण 29 गुणिले 8 म्हणजे 232 होतात, तेव्हा ते खोडते. मग भीत भीत 4 लिहिते, तर 116 वजा होऊन 55 उरतात. ही बाकी भाजकापेक्षा मोठी असल्याने पुन्हा खोडाखोड होते. दुसऱ्या रीतीत याच मुलाने 40 पटी, म्हणजे 1160, काढल्या तर 551 उरतात. आणखी 10 पटी काढल्या की 261 उरतात आणि शेवटच्या 9 पटींनी ते संपतात. 40, 10 आणि 9 मिळून 59. अंदाज कमी पडला तरी केलेले काम वाया जात नाही, आणि पाढे कच्चे असलेल्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे.

भागाकारातल्या शून्याचेही तसेच आहे. 7248 ला 24 ने भागताना ‘चोवीस त्रिक बहात्तर’ म्हणून 3 लिहिले जातात, 4 खाली घेतले जातात, त्यांना भाग जात नाही म्हणून लगेच 8 घेतले जातात आणि उत्तर 32 येते. दशकाच्या जागी शून्य द्यायचे राहून जाते. पटींच्या रीतीत 300 पटींचे 7200 आधीच काढलेले असतात आणि उरलेल्या 48 साठी 2 पटी लागतात, म्हणून 302 हे उत्तर चुकणे अवघड असते.

तरीही केवळ पटींच्या वजाबाकीवर थांबावे, असे माझे मत नाही. बिचकणारे मूल दर वेळी दहाच पटी काढत राहते, पान भरते, आणि वजाबाक्या वाढल्या की हातच्याच्या चुकाही वाढतात. शेवटी पटींची बेरीज करायची विसरणारी मुलेही असतात. शिवाय उत्तर दशांशात न्यायचे असेल, तर रूढ मांडणीत शून्य खाली घेऊन सहज पुढे जाता येते. नववीतला बहुपदींचा भागाकारही तिच्याच वळणाने चालतो.

म्हणून निवड वर्गापेक्षा मुलाच्या तयारीवरून करावी. पाढे पक्के असतील आणि भाजक एक अंकी असेल, तर रूढ रीतीने सुरुवात करण्यास हरकत नाही. मात्र त्याआधी खेळातल्या नोटा वाटून घ्याव्यात. 936 रुपये चौघांत वाटताना शंभराच्या नऊ नोटांपैकी प्रत्येकाला दोन मिळतात आणि उरलेली एक मोडून दहाच्या दहा नोटा कराव्या लागतात. त्यांत आधीच्या तीन मिसळल्या की तेरा होतात. ‘पुढचा अंक खाली घेणे’ म्हणजे नेमके काय, हे मुलाला इथे हातात दिसते. पाढे डळमळीत असतील किंवा भाजक दोन अंकी असेल, तर पटींच्या रीतीने सुरुवात करावी. 29 च्या 2, 5 आणि 10 पटी समासात लिहून ठेवू द्याव्यात आणि दर वेळी बसेल तेवढी मोठी पट शोधण्याची सवय लावावी. मूल 1711 मधून एकदम 50 पटी आणि मग 9 पटी काढू लागले, की त्याच्या वजाबाक्या रूढ मांडणीतल्याच झालेल्या असतात. फक्त 50 ऐवजी दशकाच्या जागी 5 कसे लिहायचे एवढेच दाखवावे लागते.