आयएनएस दिल्लीचं मॉडेल जिथून छापून आणलं, त्या थ्रीडी प्रिंटवाल्यांबद्दल

संभाजीनगरला चिकलठाण्याच्या बाजूला एका गाळ्यात हे दुकान आहे. पाटीवर ट्रॉफी, नेमप्लेट, की-चेन, आर्किटेक्टची मॉडेलं असं सगळं खच्चून लिहिलंय. आत मालक, डिझाइन करणारा पोरगा आणि मशीनवरचा एक, एवढीच माणसं. मी जालन्याला शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात युद्धनौका बनवतो. समुद्र बघायला इथून अख्खं राज्य ओलांडावं लागतं, तरी असले नाद सुटत नाहीत. आयएनएस दिल्लीचे 1/350 मापाचे भाग मी इथून छापून घेतले. डिझाइनला पैकीच्या पैकी, छपाईला काठावर पास.

दिल्ली म्हणजे 1997 ची विनाशिका नव्हे, तिच्या आधीची जुनी क्रूझर. मूळची ब्रिटिश बनावटीची अकिलीस, 1932 साली पाण्यात उतरलेली, लिअँडर वर्गातली. 13 डिसेंबर 1939 ला रिव्हर प्लेटच्या लढाईत एक्झिटर आणि एजॅक्स या ब्रिटिश क्रूझरांसोबत हिनेच ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेला पळायला लावलं. 1948 च्या जुलैत ती आपल्याकडे आली आणि दिल्ली झाली. 1950 साली नेहरू इंडोनेशियाला गेले ते हिच्यावरून. 1961 मध्ये दीवच्या मोहिमेत होती, 1978 ला निवृत्त झाली. एवढा इतिहास असून हिचा तयार किट मला कुठे मिळाला नाही. म्हणून एका परदेशी छंदिष्टाकडून लिअँडर वर्गाची थ्रीडी फाइल विकत घेतली. तिच्यातली बोट होती 1939 ची, आणि मला हवी होती पन्नासच्या दशकातली.

इथे त्या डिझाइनवाल्या पोराची खरी परीक्षा होती. फाइलमधलं विमान आणि ते उडवायचं कॅटापुल्ट काढायचं, सरळ डोलकाठ्यांच्या जागी तीन पायांचे मास्ट उभे करायचे, आणि मागच्या दोन टरेटांपैकी (टरेट म्हणजे तोफांचा फिरता बुरूज) वरचं, म्हणजे एक्स टरेट, उडवायचं. त्यानं स्क्रीनवरून मान न वळवता विचारलं, "सर, चांगली तोफ कशाला काढायलात?" जानेवारी 1943 मध्ये ग्वादलकनालजवळ जपानी बॉम्ब नेमका त्या टरेटवर पडला. पुढच्या दुरुस्तीत ते काढून तिथे विमानविरोधी पॉमपॉम तोफा बसवल्या. म्हणून दिल्लीवर 6 इंची तोफा आठ नाहीत, सहाच. हे ऐकल्यावर गडी रंगात आला. पुढच्या वेळी गेलो तर त्यानं स्वतःहून फोटो शोधून ठेवले होते आणि पॉमपॉमचा चौथरा माझ्या चित्रात अंमळ पुढे सरकलाय का, असं विचारत होता. फोटोशी ताडून बघितलं तर चित्र बरोबर होतं, पण शंका रास्त होती. असा माणूस दुकानात असणं म्हणजे चैन आहे.

मापं कशी काढली, हे बरेच जण विचारतात. बोटीची लांबी 554 फूट, म्हणजे 169 मीटर. लांबून, बरोबर बाजूने काढलेला फोटो घ्यायचा, टोकापासून टोकापर्यंत मोजायचं आणि प्रमाणपट्टी तयार करायची. जवळून काढलेला फोटो या कामाला घेऊ नये, त्यात पुढचं टोक फुगतं आणि मागचं आखडतं. यथार्थदर्शन शिकवणाऱ्याला हे सांगायला नको, पण नेटवरच्या निम्म्या नकाशांत हीच गफलत असते. आणखी एक सोय म्हणजे 1956 च्या रिव्हर प्लेटवरच्या इंग्रजी सिनेमात ही बोट अकिलीस म्हणून स्वतःच्याच भूमिकेत आहे. 1939 दाखवायला म्हणून तिला उभी केली, पण तिपाई मास्ट काही लपले नाहीत. आपल्याला तेच हवे होते, तेही रंगीत.

आता छपाई. 1/350 ला बोट 48 सेंटीमीटर होते. यांच्या रेझिनच्या मशीनवर, म्हणजे पातळ रेझिन प्रकाशानं थराथरानं घट्ट करणाऱ्या मशीनवर, एवढं एकसंध निघत नाही, म्हणून हल, म्हणजे बोटीचं धड, तीन तुकड्यांत. मालकाचा आग्रह होता की हल साध्या, प्लास्टिकची तार वितळवणाऱ्या मशीनवर काढा, निम्म्यात होईल. अजिबात ऐकू नका. त्या मशीनचा थर 0.2 मिलीमीटरचा आणि या मापात 0.2 म्हणजे खऱ्या बोटीवरचे 7 सेंटीमीटर. नाकापासून शेपटीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. रेझिनचा थर 0.05 चा, रंगाआधीचा लेप, म्हणजे सरफेसर, एक हात मारला की दिसत नाही. साध्या मशीनवर मी फक्त स्टँड काढून घेतला. तोही पीएलएचा, म्हणजे साठेक अंशांना मऊ पडणाऱ्या प्लास्टिकचा. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत विसरलात तर घरी पापड घेऊन जाल.

रेझिनच्या पहिल्या खेपेत मात्र मशीनवाल्यानं घोळ घातला. छापताना भागाला आधाराच्या काड्या लावतात आणि त्या तोडल्या की पुटकुळ्या राहतात. या काड्या हलच्या तळाला लावायच्या, तो भाग कुणाला दिसत नाही. यांनी लावल्या डेकवर. लाकडी फळ्यांच्या बारीक रेघा ज्या पोरानं इतक्या निगुतीनं काढल्या, त्यांच्यावरच पुरळ. मधला तुकडा धुतल्यावर नीट सुकू न देता गरम गरम उचलल्याने केळासारखा वाकलाही होता. मालकानं हुज्जत घातली नाही. "कशाला टेन्शन घ्यायलात सर, दुसरा काढून देतो," म्हणाला आणि दुसऱ्या छपाईचे पैसे घेतले नाहीत, हे त्याच्या बाजूनं नोंदवतो. वाकलेला तुकडा फेकू नका, गरम पाण्यात बुडवून काचेवर दाबून धरला की सरळ होतो. माझा झाला, आता सरावाचे रंग त्याच्यावर मारतो.

दिवे गेले की चालू छपाई मधेच थांबते आणि तिथे हलला आडवी रेघ येते. यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण तो मोठ्या मशीनला पुरतो का, हे काम देण्याआधी विचारून घ्या. अतिनील दिव्याखाली कडक करून द्यायचे वेगळे पैसे लावतात. ते मी दिले नाहीत, आपल्याकडे गच्ची आहे आणि ऊन फुकट आहे. फक्त दुपारभर ठेवू नका, रेझिन पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं.

मास्टचे छापील पाय एक मिलीमीटर जाडीचे आले, दिसायला सुबक. बोट टेकवलं आणि एक गेला. हा दुकानाचा दोष नाही, रेझिनची जातच तशी. मी ते सगळे काढून गोधडीच्या सुया बसवल्या. सुई वर निमुळती होत जाते तसाच मास्टचा पाय, कानसायचीही गरज नाही. आडव्या काठ्यांना स्टोव्हची पिन. मोंढ्यातल्या एका जुन्या दुकानात अजून मिळतात, दुकानदार "स्टोव्ह आहे का अजून घरी?" असं विचारतो. तोफांच्या नळ्या मात्र छापीलच ठेवल्या. 6 इंची तोफेचं तोंड या मापात 0.43 मिलीमीटर, त्याला भोक पाडत बसण्यात अर्थ नाही.

दर म्हणाल तर रेझिनला ग्रॅममागे 15 रुपये, डिझाइनचे तासावर. मला डिझाइनचे पैसे छपाईपेक्षा जास्त पडले आणि ते देताना हात आखडला नाही. बिल मागितलं तर देतात, न मागता देत नाहीत. काम देताना आधाराच्या काड्या कुठल्या बाजूला लावणार, हे स्क्रीनवर दाखवायला सांगा आणि तुमच्यासमोर सेव्ह करायला लावा. आणि शाळांच्या गॅदरिंगच्या दिवसांत जाऊ नका. तेव्हा तिन्ही मशीन ट्रॉफ्यांना लागलेली असतात आणि डिझाइनवाला पोरगा दिवसभर नावं टाइप करत बसलेला असतो.