बिल्ले गेले, दाखला राहिला

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घरी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असायचा. त्यात पणजोबांचे तीन बिल्ले. 'पदक' हा शब्द आम्ही मुंबईला आल्यावर वापरायला लागलो, घरात ते बिल्लेच. दसऱ्याला कोयती-कुऱ्हाडीच्या शेजारी पूजेला बसायचे. आदल्या दिवशी काकी चिंच लावून घासायची. इतक्या वर्षांच्या चिंचेने रुप्याच्या बिल्ल्यावरच्या घोड्याचं तोंड पार झिजलं होतं.

पणजोबा पहिल्या महायुद्धात ११० व्या मराठा पलटणीत शिपाई होते. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आताच्या इराकमधल्या, कूतच्या वेढ्यात सापडले, २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेचा ब्रिटिश सेनापती टाउनशेंडने शरणागती पत्करली तेव्हा तुर्कांचे कैदी झाले आणि लढाई संपल्यावर परत आले. घरात याहून जास्त कुणालाच ठाऊक नव्हतं. ते त्याबद्दल बोलत नसत म्हणे.

गेल्या वर्षी गणपतीत दुपारच्या आरतीनंतर वाडीतला एक मुलगा एका गृहस्थांना घेऊन आला. ब्लेझर, छातीवर छोट्या पदकांची रांग, बोलणं एकदम मऊ. वाडीतल्याने आणलं म्हणजे माणूस खात्रीचा, हा कोकणातला हिशोब. पलटणीतून निवृत्त झालोय, आता शहिदांच्या आणि जुन्या सैनिकांच्या वारसांची नोंदणी करतो, म्हणाले. चहा नको म्हणाले. "जवानाच्या घरचं पाणी द्या, काकू." आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा काकीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यांनी डबा उघडला, बिल्ले उलटसुलट केले आणि म्हणाले, हे तर नेहमीचे तीन. पण कूतच्या माणसाला शौर्यपदक असणारच, ते लंडनच्या दप्तरात पडून असेल. शिवाय कैदेतल्या काळाचा थकीत भत्ता, व्याजासकट. इथे मी फसलो. काकी नाही, मी. भत्त्यापेक्षा त्या शौर्यपदकाला भुललो, हे लाज सोडून लिहितो. नोंदणीचे ३,५०० तिथल्या तिथे यूपीआयने दिले. मग लंडनच्या दाखल्याचे १८,०००. आणि 'धातू तपासणी'साठी बिल्ले त्यांच्याकडे सोपवले. पावती? हो, दिली की. त्यावर लिहिलं होतं 'पदके ३'.

दीड महिन्याने कुरियर आलं. मखमली पेटी, त्यात तीन चकचकीत पदकं, आणि सोनेरी कडेचा दाखला. मी डोंबिवलीहून व्हिडिओ कॉलवर बघत होतो. काकीने रुप्याचं पदक उचललं, अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं.

"हे आमचे न्हय."

"अगं, पॉलिश केलंय."

"पॉलिशान घोड्याक तोंड येता? आमच्या घोड्याक तोंडच नाय होता."

पुढच्या शनिवारी गावी जाऊन भिंग घेऊन बसलो. या पदकांची खरी जागा कडेवर असते. ब्रिटिश वॉर मेडल (हे रुप्याचं) आणि व्हिक्टरी मेडल, दोन्हींच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशांनी उमटवलेली असते. तिसरं पदक १९१४-१५ चा स्टार, त्यावर तेच पाठीमागे. पेटीतल्या रुपेरी पदकाच्या कडेवर अक्षरं होती खरी, पण सुईने कोरल्यासारखी, खाचेत ताजी चकाकी. व्हिक्टरी मेडलची कड कोरी. आणि वॉर मेडलची वरची पट्टी गरगर फिरत होती. खऱ्या पदकाची ती पट्टी घट्ट बसवलेली असते, फिरत नाही. चुलत बहिणीच्या मुलाने शाळेच्या प्रकल्पासाठी आमच्या बिल्ल्यांचे फोटो काढले होते, ते शेजारी ठेवून पाहिलं आणि मग संशयाला जागाच राहिली नाही.

दाखला तर आणखी मजेशीर. त्यात पणजोबा १९१६ साली 'तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री' मध्ये. पण ११० व्या पलटणीला हे नाव मिळालं १९२२ च्या फेररचनेत. पुढे शौर्यपदक म्हणून 'मिलिटरी क्रॉस'. तो त्या काळी अधिकाऱ्यांसाठी होता. शिपायाला मिळत असे इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, नाहीतर ऑर्डर ऑफ मेरिट. पुरावा म्हणून बसरा स्मारकाचा उल्लेख होता. ते स्मारक मेलेल्यांचं! कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत शोधलं तर तिथे पणजोबांच्याच नावाचा, पण दुसऱ्या बापाचा मुलगा निघाला. म्हणजे दाखल्याप्रमाणे आमचे आजोबा जन्मले त्याच्या आठ वर्षं आधीच त्यांचे वडील मेसोपोटेमियात वारले होते.

ही यादी फुकट आहे, कुणालाही पाहता येते. लंडन गॅझेट म्हणजे शौर्यपदकं जाहीर करणारं ब्रिटिश सरकारी राजपत्र, त्याचे जुने अंकही तसेच. शोधताना एक ध्यानात ठेवा: सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्याआधी आपली बरीच गावं कागदावर 'रत्नागिरी'तच आहेत, आणि सावंतवाडी हे वेगळं संस्थान होतं. नावं इंग्रज कारकुनाच्या कानाला आली तशी लिहिलेली. एकाच नावाचे ढीगभर शिपाई, म्हणून नंबर आणि बापाचं नाव जुळल्याशिवाय 'सापडले' म्हणू नका. आणि बेळगाव काही लंडन नव्हे. सावंतवाडीहून आंबोली घाट चढला की एसटी तिथेच नेते, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथे आहे. तो माणूस सारखं त्याच केंद्राचं नाव घेत होता, पण घाट चढून विचारून यावं असं आमच्या घरात एकालाही सुचलं नाही. ओरोसचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तर त्याहून जवळ.

पोलिसांत तक्रार दिली. पंचनाम्यात 'जुने बिल्ले, नग ३' एवढंच. किंमत काय लिहायची यावर हवालदार आणि मी दोघंही गप्प झालो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तोवर पैसे खात्यातून कधीच निघून गेले होते. तो फोन लगेच करायचा असतो. वाडीतला मुलगाही फसलेलाच निघाला, त्याच्या आजोबांची कागदपत्रं अजून त्या माणसाकडे आहेत.

कूतच्या शिपायाची, कडेवर नाव असलेली पदकं संग्राहक चढ्या भावाने घेतात, हे मला नंतर कळलं. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे अजून इथेच कुठेतरी असतील, असं मी धरून चाललोय. जुन्या बाजारात, नाण्यांच्या प्रदर्शनात कुणाच्या नजरेला पडले तर कड बघा. '११० मराठा' असं उमटवलेलं असेल, पाचव्या जॉर्जच्या मानेखाली खिळ्याचा एक पोचा आहे, आणि उलट बाजूच्या घोड्याला तोंड नाही.