फेटा घातलेला पिता: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकते. हॅम-चीजची ही ग्रीक पिता घरी करा, नक्की करा. पण संध्याकाळी सहाला आठवण झाली आणि आठला ताटात हवी, असं असेल तर त्या दिवशी पोहेच करा.

गेल्या जूनपासून या फेब्रुवारीपर्यंत मी ही पिता पंचवीसेक वेळा केली. पूर्ण नाव झांबोनोतिरोपिता. झांबोन म्हणजे हॅम, तिरी म्हणजे चीज आणि पिता म्हणजे पिठाच्या पातळ पानांत सारण भरून भाजलेला प्रकार. आत पडतं ते मुख्य चीज फेटा. हे सगळं फोनवर ऐकून सांगलीहून आई म्हणाली, "फेटा काय, पिता काय, लग्नाला निघालीयस की स्वयंपाक करतीयस?" तेव्हापासून आमच्या घरात हिचं नाव 'फेटेवाले बाबा'. ग्रीकमध्ये मात्र पिता स्त्रीलिंगी आहे, त्यामुळं पुढं मी 'ती पिता' म्हणणार, वाचताना अडखळू नका.

आम्ही पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराच्या गावात राहतो. नवरा जहाजांच्या ऑफिसात, मी घरून काम करते, मुलगा चौथीत. इथल्या लोकांचा सकाळचा नाश्ता म्हणजे कॉफी आणि कोपऱ्यावरच्या 'फूर्नोस'मधून कागदात गुंडाळून घेतलेली गरम पिता. फूर्नोस म्हणजे भट्टी, बेकरीलाही तोच शब्द. मुलाला तिथल्या हॅम-चीजच्या पितेची इतकी चटक लागली की महिन्याअखेरीला हिशेब बघून मीच दचकले. वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, आम्ही सगळे त्यांना 'याया'च म्हणतो, ग्रीकमध्ये आजीला तेच म्हणतात. त्यांच्यापाशी रडगाणं गायलं तर म्हणाल्या, "पेदी मू, त्यात काय आहे? विकतचं फिलो आण, सगळ्यात सोपी पिता आहे ती." पेदी मू म्हणजे माझ्या लेकरा, आणि फिलो म्हणजे तीच पिठाची पातळ पानं. या वाक्यातल्या 'सोपी' शब्दाची पुढं आठ महिने परीक्षा झाली.

पहिल्या पाच-सहा पिता रीतसर थरांच्या केल्या. खाली पाच-सहा पानं, प्रत्येकावर तेल-लोण्याचा हात, मधे सारण, वर पुन्हा तेवढीच पानं. आपण चिरोटे करणारी माणसं, पदर आणि साटा आपल्याला काय नवीन, असा माझा तोरा होता. तो पहिल्याच दिवशी उतरला. चिरोट्याची पोळी लाटताना हाताखाली जीव असलेलं पीठ असतं, फाटलं तर जोडता येतं. फिलोचं पान कागदापेक्षा पातळ. फिलो या शब्दाचा अर्थही पान असाच आहे, झाडाचं. आणि ते वागतंही वाळल्या पानासारखंच. वारा लागला की दोन-तीन मिनिटांत कडा कुरकुरीत होऊन तुटायला लागतात. जुलैत तर पंखा चालू ठेवून पाकीट उघडलं आणि तिसऱ्या पानाला नुसता भुगा हातात आला. त्या महिन्यात पंखा बंद करून चाळीस अंशांत उभं राहायचं की पिताच करायची नाही, यातला दुसरा पर्याय मी निवडला. ऑगस्टमध्ये एकदाही केली नाही.

वाऱ्याला घाबरून मग ओलं फडकं झाकलं, तर चांगलं घट्ट पिळलं नव्हतं. वरची चार पानं एकमेकांना चिकटून खळीसारखी झाली. आता मी पानांवर आधी कोरडं सुती फडकं टाकते आणि त्याच्यावर ओलसर. हा शोध माझा नाही, यायांनी माझ्या ओट्याकडं बघून एक सुस्कारा टाकला आणि स्वतःच दुसरं फडकं आणून घातलं.

पण सगळ्यात महागात पडली ती घाई. इथं फिलो फ्रीझरमध्ये मिळतं, ४५० ग्रॅमचं पाकीट, आमच्याकडच्या ब्रँडमध्ये अकरा-बारा पानं निघतात. पिता भराभर होते म्हणून मी दुपारी फ्रीझरमधून काढून ते मायक्रोवेव्हमध्ये ढकललं. बाहेरून मऊ, मधे बर्फ, आणि जिथं पाणी सुटलं तिथं सगळी पानं एकजीव. उलगडायला गेले तर नकाशासारख्या चिंध्या. पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास ओट्यावर. यातलं काहीच कष्टाचं नाही, फक्त आदल्या रात्री आठवण हवी. ही पिता सोपी आहे म्हणतात ते या अर्थानं खरं. मी फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावते, 'बाबा खाली उतरव'. पाहुणे वाचतात आणि काही बोलत नाहीत.

ऑक्टोबरात त्या चिंध्यांवर मी हळहळत असताना यायांनी सांगितलं की चिंध्यांचीच एक पिता असते. नाव पात्सावुरोपिता. पात्सावुरा म्हणजे पोतेरं. पोतेऱ्याची पिता! नाव ऐकून नवरा म्हणाला, पाहुण्यांना नाव सांगू नकोस. पण तेव्हापासून मी थरांची जवळजवळ सोडलीच, आणि हा अभिप्राय खरा या पोतेऱ्याचाच आहे.

ती अशी. एक पान ओट्यावर पसरायचं, ब्रशनं तेल-लोण्याचे फटकारे मारायचे, सगळीकडं नीट लागलंच पाहिजे असं नाही. वर मूठभर हॅमचे तुकडे आणि चीज भुरभुरायचं. मग नेसताना निऱ्या घालतो तशा दोन्ही हातांनी पानाच्या सैलसर निऱ्या गोळा करायच्या आणि ती पट्टी उभी तप्सीत ठेवायची. तप्सी म्हणजे कडांचा भाजायचा ट्रे. दुसरी पट्टी तिला टेकून, तिसरी तिच्याशेजारी. पान फाटलं? फाटू दे, निऱ्यांत लपतं. दाबून मात्र भरायचं नाही. माझा हात पोळीचा, त्यामुळं सुरुवातीला मी प्रत्येक पट्टी चेपून बसवत होते, आणि पिता लगद्यासारखी व्हायची. निऱ्यांत हवा राहिली तर वरचे शेंडे कुरकुरीत होतात आणि खाली अंड्या-दुधाचं मिश्रण झिरपून मऊ राहतं. या पितेची सगळी मजा त्या दोन्हींत आहे.

माझं आताचं प्रमाण, २५ बाय ३५ सेंटिमीटरच्या तप्सीसाठी: फिलोचं एक पाकीट, हॅम २५० ग्रॅम, फेटा १५० ग्रॅम, कासेरी किंवा गौडा यांपैकी एखादं वितळणारं चीज २५० ग्रॅम, तीन अंडी, एक कप घट्ट दही, एक कप दूध, आणि ऑलिव्ह तेल व लोणी मिळून अर्ध्या कपाला थोडं वर. मिरपूड भरपूर. मीठ अजिबात नाही, चिमूटभरसुद्धा नाही. फेटा मिठाच्या पाण्यात मुरलेला, हॅम खारट, आणि मी दुसऱ्या वेळी सवयीनं अर्धा चमचा मीठ घातलं होतं. त्या रात्री घरात पाण्याच्या बाटल्या संपल्या.

फेट्याबद्दल थोडं, कारण इथं मी पैसे वाचवायला गेले आणि फसले. युरोपात २००२ पासून फेटा हे नाव फक्त ग्रीसच्या ठरलेल्या भागांत, मेंढीच्या दुधापासून बनलेल्या चीजलाच लावता येतं, शेळीचं दूध फार तर ३० टक्के. त्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या, २००५ मध्ये निकाल ग्रीसच्या बाजूनं लागला. शेजारच्याच फळीवर गाईच्या दुधाचं नुसतं 'पांढरं चीज' स्वस्तात मिळतं, दिसायला तसंच. ते दोनदा वापरलं. चव बोथट, आणि भाजताना इतकं पाणी सोडलं की तळाची पानं शिजलेल्या शेवयांसारखी झाली. पण नुसता फेटाही कामाचा नाही, तो वितळून तार धरत नाही. तारेसाठी कासेरी, तेही मेंढीच्या दुधाचं. ते महाग वाटलं त्या आठवड्यात गौडा. मुलाला फरक कळत नाही, यायांना पहिल्या घासात कळतो.

पाण्याचा दुसरा चोर म्हणजे हॅम. पाकिटातल्या पातळ चकत्यांतून भाजताना पाणी निघतं. मी आता चकत्यांऐवजी जाड तुकडा घेऊन बारीक कापते आणि कोरड्या तव्यावर दोन मिनिटं परतते. एवढ्या एका गोष्टीनं तळ सुधारला. डुक्कर चालत नसेल त्यांच्यासाठी इथं धुरावलेल्या टर्कीच्या चकत्या सगळीकडं मिळतात, त्या घालून तीनदा केली, छान लागते, फक्त थोडी कोरडी म्हणून दही दोन चमचे जास्त.

भाजणं १८० अंशांवर, खालून दुसऱ्या फळीवर, पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. आमचा ओव्हन भाड्याच्या घराबरोबर आलेला, मागचा डावा कोपरा जाळतो, म्हणून तिसाव्या मिनिटाला तप्सी फिरवावी लागते. अंड्याचं मिश्रण ओतल्यावर दहा मिनिटं तशीच मुरू द्यायची, मग ओव्हनमध्ये. थरांची करणार असाल तर भाजण्याआधीच सुरीनं वरच्या पानांवर चौकोन आखून घ्या आणि पाण्याचा हबका मारा, म्हणजे कडा वर वळत नाहीत. हे न करता मी भाजून झाल्यावर सुरी घातली होती, वरचा थर पापडाच्या चुऱ्यासारखा ओटाभर उडाला. पफ पेस्ट्रीचीही एकदा केली. ती खरोखर पंधरा मिनिटांत भरून होते, पण खाल्ल्यावर लोणी टाळूला चिकटून राहतं. पुन्हा केली नाही.

डब्याला कशी? गरम असताना दहापैकी दहा, दुपारी डब्यात सहा. कुरकुरीतपणा जातो, चव राहते. मायक्रोवेव्हमध्ये घातली की शेंडे चामड्यासारखे होतात, त्यापेक्षा तव्यावर झाकण न ठेवता मंद आचेवर पाच मिनिटं. बेकरीत एका तुकड्याला अडीच युरोच्या आसपास देत होतो, घरची तप्सी बारा तुकड्यांची. कासेरी घेतलं तरी घरची स्वस्त पडते, पण वीज आणि माझी सकाळ धरली तर फार मोठा फायदा झाला असं छातीठोकपणे सांगणार नाही.

सप्टेंबरात आई महिनाभर इथं होती. ती शाकाहारी, अंडंही नाही. म्हटलं, अर्ध्या तप्सीत हॅम, अर्धी नुसत्या चीजची, हॅमच्या बाजूवर खूण म्हणून काळे तीळ. आईनं तप्सीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "अगं, मधे भिंत बांधलीयस का? तेल इकडचं तिकडं जाणारच की." मग छोटी वेगळी तप्सी, थरांची, नुसता फेटा, दही आणि पुदिना, अंडं नाही. तिनं दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, "बरंय, पण तुपात तांदळाची पिठी फेसून साटा लावला असतास तर पदर आणखी सुटले असते." लावून बघितला. नाही सुटले. फिलोला पिठी जड होते, पान खाली बसतं. तिला हे अजून सांगितलेलं नाही.

पुण्याच्या बहिणीनं हौसेनं सामोशाच्या पट्ट्या आणि पनीर वापरून केली. पट्ट्या आधीच अर्धवट भाजलेल्या आणि जाड, त्या चिवट झाल्या, आणि पनीरला ना खार ना आंबट. दुसऱ्यांदा तिनं चुरलेलं पनीर मीठ आणि चक्क्यात रात्रभर ठेवून घातलं, ते बरं जमलं म्हणते. पानांचं मात्र खरं फिलो मिळाल्याशिवाय काही होणार नाही.

या आठवड्यात हॅमला सुट्टी आहे. यंदा 'स्वच्छ सोमवार' २३ फेब्रुवारीला, त्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचा मोठा उपास सुरू होतो, मांस, अंडी, दूध सगळं बंद. त्याच्या आधीचा हा आठवडा चीजचा, मांस बंद पण चीज-अंडी चालतात. याया हे सगळं आपल्या श्रावणासारखं काटेकोर पाळतात. काल जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "रविवारपर्यंत एकदा पोतेऱ्याची कर, झांबोन नको, तिरी डबल." पाकीट रात्रीच खाली उतरवलंय, आणि ओव्हनचा तो मागचा डावा कोपरा या वेळी मी फॉइलनं झाकून बघणार आहे.