कुरआन वाचून दाखवणारे पेन : बावीस वर्षांनी पुन्हा शिकताना

मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरील धार्मिक पुस्तकांच्या एका दुकानातून २०१९ च्या रमजानआधी मी कुरआन वाचून दाखवणारे पेन विकत घेतले. पेटीत पेन, त्याच्याबरोबरच चालणारी कुरआनची मोठ्या अक्षरांतील प्रत, अक्षरओळखीसाठीचा नूरानी कायदा, इअरफोन आणि चार्जिंगची वायर एवढे साहित्य होते आणि या सगळ्याचे मी ३,२०० रुपये मोजले. ही वस्तू सहसा लहान मुलांसाठी किंवा नजर अधू झालेल्या वडीलधाऱ्यांसाठी घेतली जाते. मी ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःसाठी घेतली, कारण त्याआधीची बावीस वर्षे मी ईमान (धर्मश्रद्धा) सोडून राहिले होते, आणि परतल्यावर माझ्या ध्यानात आले की अरबी अक्षरे ओळखू येत असली तरी ती जोडून वाचण्याची सवय पूर्णपणे गेली आहे. मुलगा कितवीत आहे, असे दुकानदाराने सहज विचारले आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ज्यांना हे पेन स्वतःसाठी हवे आहे आणि ते सांगणे जड जाते, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

आम्ही चिपळूण तालुक्यातील कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई मजहबाचे (मजहब म्हणजे धर्मशास्त्राची परंपरा). लहानपणी रोज सकाळी शाळेआधी मदरशात जाऊन मी कुरआन एकदा पूर्ण वाचला होता. अर्थ मात्र कोणी शिकवला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. १९९६ साली माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या नवऱ्याने एका पत्रातून तीन तलाक दिले. मी तेव्हा पुण्यात शिकत होते. ते पत्र योग्य की अयोग्य, यावर घरी आलेल्या मोठ्या माणसांनी बरीच चर्चा केली, पण माझ्या बहिणीचे काय म्हणणे आहे हे एकानेही विचारले नाही. त्याच काळात मी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचे लेखन वाचले. त्यांचे गाव मिरजोळी आमच्याच तालुक्यातले, त्यामुळे ते मला परके वाटण्याचे कारणच नव्हते. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध काढला होता, हे वाचून मला पहिल्यांदा असे वाटले की आमच्या घरात जे घडले त्याला अन्याय म्हणणारी माणसे आपल्याच मुलखात होऊन गेली आहेत. हा आदर माझ्या मनात आजही आहे. पुढच्या वर्षी मी नमाज सोडली, रोजे सोडले आणि अल्लाह नाही असे स्वतःशी ठरवून टाकले. बहिणीने मात्र काहीच सोडले नाही. जिच्यावर अन्याय झाला ती पाच वेळा नमाज पढत राहिली, आणि तिच्या नावाने मी दूर गेले.

माझे परतणे एका दिवसात झाले नाही. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला, तेव्हा मी त्या निकालाबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. बहुमतातील एका निकालपत्रात कुरआनच्या आयतींचाच (वचनांचाच) आधार घेतलेला होता : दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमावा, समेटाचा प्रयत्न व्हावा, मुदत मोजली जावी. इतकी वर्षे ज्या ग्रंथावर मी रागावले होते, तो मी समजून कधी वाचलाच नव्हता, ही गोष्ट मला फार टोचली. मराठी अनुवाद आणून मी वाचायला बसले. दीड वर्षाने, घरात एकटी असताना, मी मनापासून कलमा (श्रद्धेची कबुली) पढले. इस्लामी तत्त्वचिंतक गझालींनीही लिहून ठेवले आहे की सुमारे दोन महिने त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता, आणि त्यातून ते युक्तिवादाने नव्हे, तर अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशामुळे बाहेर पडले. एवढ्या थोर माणसाशी मी माझी तुलना करत नाही, पण त्या अनुभवाचे वर्णन मला ओळखीचे वाटते. तर्काने मी गेले होते, आणि परत येताना तर्काने मला केवळ दारापर्यंत सोडले.

पेनाची रचना समजायला सोपी आहे. सोबतच्या प्रतीच्या प्रत्येक पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म ठिपके छापलेले असतात. पेनाच्या टोकाशी बारीकसा कॅमेरा असतो. टोक ज्या आयतीवर टेकवावे, तिथल्या ठिपक्यांचा संकेत वाचून ते आपल्या साठवणीतील नेमके तेवढेच पठण ऐकवते. सूरतीच्या (अध्यायाच्या) नावावर टेकवले तर पूर्ण सूरत सुरू होते आणि शब्दावर टेकवले तर एकच शब्द उच्चारला जातो, मात्र ही शब्दवार सोय चालू करण्यासाठी आधी पहिल्या पानावरील एका चौकोनावर पेन टेकवावे लागते, हे मला आठ दिवसांनी कळले. सोबतची माहितीपत्रिका इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या सदोष इंग्रजीत होती की तिचा काहीच उपयोग झाला नाही.

पठणकर्ते निवडता येतात, आणि माझ्या दृष्टीने ही या पेनाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. मक्केतील हरमशरीफचे इमाम सुदैस यांचे पठण माझ्यासारखीला जलद पडते. नव्याने शिकणाऱ्याने इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्यापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. १९६१ मध्ये संपूर्ण कुरआनचे संथ, शिस्तबद्ध पठण पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाले ते त्यांच्याच आवाजात. त्यांचे प्रत्येक अक्षर सुटे, स्वच्छ ऐकू येते. मुहम्मद सिद्दीक अल-मिनशावी यांचे एक वेगळे ध्वनिमुद्रणही माझ्या पेनात होते : ते एक आयत म्हणतात आणि मागून मुले तीच आयत म्हणतात. मदरशात जाऊन लहान मुलांच्या रांगेत बसण्याची मला लाज वाटत होती. त्या ध्वनिमुद्रणाबरोबर मी रोज रात्री स्वयंपाकघराचे दार लावून, त्या मुलांच्या मागोमाग म्हणत असे.

पहिल्या रात्री मी सूरह फातिहापासून सुरुवात करायला हवी होती, पण मी थेट अठ्ठाविसावा पारा (कुरआनच्या तीस भागांपैकी एक) उघडला. बहिणीच्या प्रकरणामुळे मला सूरह तलाक ऐकायची होती आणि ती याच पाऱ्यात आहे. पारा मात्र सुरू होतो अठ्ठावन्नाव्या सूरतीपासून, म्हणजे सूरह मुजादलापासून. पेन टेकवले आणि हुसरींच्या आवाजात पहिले शब्द आले : कद समिअल्लाह. मराठी अनुवाद शेजारी उघडा होता. आपल्या नवऱ्याविषयी जी स्त्री तुझ्याशी वाद घालते आहे आणि अल्लाहकडे गाऱ्हाणे मांडते आहे, तिचे म्हणणे अल्लाहने ऐकले आहे, असा त्या आयतीचा आशय आहे. परंपरा सांगते की ती स्त्री म्हणजे मदीनेतील खौला बिन्त सअलबा. तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस, असे म्हणून तिच्या नवऱ्याने तिला दूर केले होते. त्या काळच्या अरबी रिवाजानुसार अशी बाई ना पत्नी राहत असे, ना मोकळी होत असे. ती पैगंबरांकडे गेली, ऐकून घेईपर्यंत मागे हटली नाही, आणि तिच्या तक्रारीवर आयती उतरल्या. तो रिवाज कुरआनने असत्य ठरवला आणि तसे बोलून मग शब्द मागे घेणाऱ्या नवऱ्यासाठी प्रायश्चित्त सांगितले : गुलाम मुक्त करावा, ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवावेत, तेही न झेपल्यास साठ गरिबांना जेवू घालावे. लहानपणी हा पारा मी वाचला होता. आमच्या घरात १९९६ साली बसलेल्या त्या सगळ्या माणसांनीही तो वाचलेला होता. त्या रात्री मी तीच एक आयत पुन्हा पुन्हा पेन टेकवून ऐकली, आणि सूरह तलाकपर्यंत पोहोचायला मला आणखी चार दिवस लागले.

आता उणिवा. पहिली उणीव अशी की हे पेन फक्त त्याच्या स्वतःच्या प्रतीवर चालते. माझ्याकडे नानीचे कुरआन शरीफ आहे, तिनेच शिवलेल्या जुजदानात (कापडी आवरणात) ठेवलेले. रिहलवर (ग्रंथ ठेवायच्या घडीच्या स्टँडवर) ते उघडून त्यावर पेन टेकवले तर पेन मुकेच राहते, कारण त्या पानांवर ठिपके नाहीत. हे मला आधी माहीत असायला हवे होते, पण दुकानातही कोणी सांगितले नाही. दुसरी उणीव याहून मोठी आहे. पेनाबरोबर आलेली प्रत मदीनेच्या छपाईच्या धर्तीची होती, तर आपल्याकडचे मदरसे शिकवतात ते भारतीय छपाईच्या प्रतीवरून. दोन्हींमधील मजकूर एकच आहे, पण लिहिण्याच्या खुणा निराळ्या आहेत. आपल्या प्रतींमध्ये दीर्घ उच्चारासाठी खडा जबर असतो, कुठे थांबावे हे सांगणाऱ्या मीम, त्वा, जीम अशा खुणा असतात आणि समासात रुकूचा (परिच्छेदाचा) ऐन हे अक्षर असते. मदीनेच्या प्रतीत थांबण्याच्या खुणांची पद्धत वेगळी आहे, रुकूची खूण नाही, आणि काही ठिकाणी अलिफच्या डोक्यावर एक छोटेसे चिन्ह असते, ज्याचा अर्थ मला कित्येक दिवस लागला नाही. अर्धवट विसरलेल्या माणसाला नवी लिपी शिकण्यापेक्षा जुनी आठवणे सोपे जाते, म्हणून हा फरक किरकोळ समजू नये.

याच फरकातून एक आनंदही मिळाला. भारतीय छपाईत सूरह फातिहातील बिस्मिल्लाहला सहसा क्रमांक नसतो. मदीनेच्या प्रतीत मात्र तिला पहिल्या आयतीचा क्रमांक आहे, आणि शाफई घरात मला तसेच शिकवले गेले होते. सूरह हजमधील दुसऱ्या सजद्यापाशी (म्हणजे वाचताना जिथे माथा टेकवायचा असतो तिथे) आपल्याकडील प्रतींच्या समासात ‘शाफईंच्या मते सजदा’ अशी टीप असते, तर या प्रतीत तिथे सरळ सजद्याचीच खूण आहे. मागे टाकलेल्या घराची एखादी खूण अनपेक्षितपणे सापडावी, तसे मला ते पान पाहून वाटले.

भाषांच्या बाबतीत पेन अपुरे आहे. उर्दू, हिंदी, इंग्रजी, मल्याळम, बंगाली अशी अर्थाची ध्वनिमुद्रणे त्यात होती, पण मराठी नव्हते. छापील मराठी अनुवाद उपलब्ध असल्यामुळे माझे अडले नाही, परंतु ज्यांना वाचता येत नाही अशा गावाकडील स्त्रियांना आपल्या भाषेत अर्थ ऐकायला मिळायलाच हवा. बॅटरी सुरुवातीला पाच तास चालत असे, तीन वर्षांनंतर ती दीड तासावर आली. काही मिनिटे वापर झाला नाही की पेन आपोआप बंद होते, ते योग्यच आहे.

सगळ्यात महत्त्वाची मर्यादा मला वर्षभराने उमगली : पेन ऐकवते, पण ऐकत नाही. मी चुकीचे म्हटले तरी त्याला ते कळण्याचा मार्ग नाही. वर्षभर रोज सराव करूनही ऐन आणि अलिफ, मोठा हे आणि छोटा हे, काफ आणि कॉफ यांचा उच्चार मी एकसारखाच करत होते. कॉफने उच्चारलेला कल्ब म्हणजे अंतःकरण आणि काफने उच्चारलेला कल्ब म्हणजे कुत्रा, इतका अर्थभेद जिथे होतो तिथे अंदाजाने पुढे जाणे बरे नाही. म्हणून मी स्त्रियांना शिकवणाऱ्या एका आपांकडे आठवड्यातून दोनदा फोनवरून शिकू लागले. वयाने त्या माझ्यापेक्षा लहान असूनही त्यांनी मला पहिल्या दिवसापासून बाजी (ताई) म्हटले आणि मधली वर्षे कुठे गेली, हे कधी विचारले नाही. कद समिअ म्हणताना शेवटचा ऐन घशातून न येता नुसता आ होतो, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या शब्दाने माझी सुरुवात झाली, तोच मी वर्षभर चुकीचा म्हणत होते. पेन घेणाऱ्याने पहिल्या महिन्यापासूनच एखाद्या जाणत्या व्यक्तीला आपले पठण ऐकवावे.

काही प्रश्न पेनाच्या आवाक्यातले नसतात, हेही सांगितले पाहिजे. सोडून दिलेल्या वर्षांतील नमाजांचे काय करायचे, हा त्यांतला एक. ईमान सोडलेल्या काळातील नमाज परतल्यावर भरून काढाव्या लागत नाहीत असे हनफी मजहब मानतो, तर शाफई मजहबात त्या कजा कराव्या लागतात. बावीस वर्षांचा हिशेब मांडून मी घाबरून गेले होते. आमच्याकडील एका वयोवृद्ध आलिमांना (धर्मपंडितांना) विचारले, तेव्हा आजच्या पाच नमाजा वेळेवर पढा आणि प्रत्येक नमाजीबरोबर जुनी एक जोडत जा, असे त्यांनी सांगितले. तेच चालू आहे.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा बहिणीने पेन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि सूरह यासीन पूर्ण ऐकली. मग तिने ते बंद केले आणि म्हणाली, आता तू वाच. मी अठ्ठाविसाव्या पाऱ्याची पहिली आयत म्हटली. ऐनपाशी तिने मला थांबवले, पुन्हा म्हणायला लावले, आणि तिसऱ्या वेळेस मान हलवली. ते पेन मी तिच्याकडेच ठेवून आले. स्वतःसाठी मी यंदा दुसरे घेतले, पण या वेळी पेटी उघडून आतली प्रत भारतीय छपाईची असल्याची खात्री केली. अशी पेनेही बाजारात मिळतात, मात्र तसे स्पष्ट सांगून मागावी लागतात. पैसे देण्यापूर्वी दुकानातच चार-पाच पानांवर पेन टेकवून पाहावे, शब्दवार सोय चालते का ते तपासावे आणि हुसरींचे पठण आहे ना, हे विचारून घ्यावे. कोणासाठी हवे आहे असे दुकानदाराने या वेळीही विचारले. माझ्यासाठी, असे मी सांगितले.