फिनराची शॉर्ट इंटरेस्ट सेवा : छोट्या तंत्रज्ञान शेअरसाठी कितपत कामाची?

नॅसडॅकवरील एखाद्या छोट्या तंत्रज्ञान कंपनीचा शेअर कारण न कळता घसरू लागला की पहिला संशय मंदीवाल्यांवर, म्हणजे भाव पडण्यावर पैज लावणाऱ्यांवर, जातो. हा संशय तपासण्याचे एक साधन फिनरा या अमेरिकी दलालांच्या स्वयंनियामक संस्थेने संकेतस्थळावर चक्क फुकट ठेवले आहे.

उसने घेऊन विकलेले आणि अद्याप न फेडलेले (म्हणजेच शॉर्ट) शेअर किती, मागच्या खेपेपेक्षा ते किती वाढले, रोजची सरासरी उलाढाल किती आणि त्या गतीने सर्व शॉर्ट सौदे कापायला, म्हणजे शेअर परत विकत घेऊन फेडायला, किती दिवस लागतील, एवढी माहिती तेथे मिळते. माझ्या मते यातील शेवटचा आकडाच सर्वांत मोलाचा आहे. समजा, 30 लाख शेअर शॉर्ट आहेत आणि रोज सरासरी 5 लाखांचे व्यवहार होतात, तर उत्तर 6 दिवस येते. अ‍ॅपलसारख्या शेअरमध्ये तेवढेच 30 लाख कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. छोट्या शेअरमध्ये खरेदीदार विरळ असल्याने शॉर्ट विक्रीने भाव लवकर खचतो, आणि तिमाही निकाल अनपेक्षितपणे चांगले लागून सगळेच मंदीवाले परतखरेदीला धावले, तर विकणारे तितकेच विरळ असल्याने तो तेवढ्याच वेगाने उसळतो.

मात्र ही आकडेवारी महिन्यातून दोनदाच निघते आणि ज्या तारखेची असते तिच्यानंतर आठवड्याहून अधिक काळाने हाती पडते, तोवर भाव कुठल्या कुठे गेलेला असू शकतो. बाजारात प्रत्यक्ष फिरणाऱ्या शेअरच्या तुलनेत शॉर्टचे प्रमाण किती, हे आपले आपणच काढावे लागते. शेअर उसने घेण्याचा व्याजदर, जो मंदीवाल्यांची कोंडी बरेचदा आधी दाखवतो, येथे नाहीच.

फिनरा वेगळी देत असलेल्या दैनंदिन शॉर्ट विक्रीच्या फाइलबाबत अधिक सावध राहावे. ग्राहकाची खरेदी पुरवण्यासाठी मार्केट मेकर (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारे दलाल) क्षणभर शॉर्ट विकतात, तेही तीत मोजले जाते. त्यामुळे 50 टक्के आकडा दिसला म्हणजे निम्मे विक्रेते मंदीवर पैज लावून बसले आहेत, असे मुळीच नव्हे. हा फरक फिनराने स्वतः स्पष्ट केलेला असूनही समाजमाध्यमांवर रोज त्याच आकड्यावरून आरडाओरडा चालतो. मंदीवाल्यांची कोंडी म्हणून गाजलेल्या, गेमस्टॉप या अमेरिकी व्हिडिओ गेम विक्रेत्या कंपनीच्या शेअरच्या जानेवारी 2021 मधील उसळीतसुद्धा शॉर्ट कव्हरिंग (मंदीवाल्यांची परतखरेदी) हा एकूण खरेदीचा लहान हिस्सा होता, असे अमेरिकी रोखे आयोगाच्या कर्मचाऱ्यांचा त्याच वर्षीचा अहवाल सांगतो.

भारतातून एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली) गुंतवणूक करणाऱ्यांना परदेशी बाजारात मार्जिनसाठी, म्हणजे सौद्याच्या तारणासाठी, पैसे पाठवता येत नाहीत, त्यामुळे तेथील मंदीचा सौदा त्यांच्या आवाक्याबाहेरच आहे. शेअर धरून बसलेल्यांनी मात्र निकालाच्या तारखेआधी हे पान उघडावे आणि सलग तीन-चार खेपांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पाचपैकी साडेतीन गुण.