टॅरंटुलाचे खाद्य : गोठवलेली पिंकी घ्यावी की जिवंत किडे?

टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणाऱ्यांसाठी ऑनलाइन विक्रेते दोन प्रकारचे खाद्य पाठवतात. एका बाजूला मीलवर्म, सुपरवर्म, रातकिडे आणि दुबिया झुरळे असे जिवंत किडे असतात, तर दुसऱ्या बाजूला उंदराची गोठवलेली नवजात पिल्ले, ज्यांना या व्यवहारात पिंकी म्हणतात. एकाच विक्रेत्याकडून जळगावला मागवलेल्या या मालाचे हे परीक्षण मेक्सिकन रेड-नी या जातीच्या प्रौढ टॅरंटुला मादीच्या अनुभवावर आधारलेले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: पिंकीची गरज नाही, आणि खरी निवड करायची ती किड्यांमध्येच.

पिंकी थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसह येते. पुण्या-मुंबईत हे पुरेसे असेल. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या जळगावात मात्र डबा दारात येईपर्यंत माल वितळून मऊ पडलेला असतो, आणि एकदा वितळलेले मांस पुन्हा गोठवून ठेवणे योग्य नाही. थंडीत आलेला माल चांगला होता, हे मान्य करायला हवे. तरीही अडचण संपत नाही, कारण कोळी भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः पायांवरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांवरून. निश्चल पिल्लू त्याच्यापुढे चिमट्याने हलवत बसावे लागते.

त्याहून मोठा प्रश्न खाऊन झाल्यानंतरचा आहे. टॅरंटुला भक्ष्य गिळत नाही. तो जबड्यांनी ते चुरडत त्यावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेला द्रव तेवढा शोषून घेतो. मीलवर्म खाल्ल्यावर उरते ती कोरडी छोटीशी गोळी, जी दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचलली की काम संपते. पिंकीची मात्र कातडी, हाडे आणि ओलसर मांस मागे राहते, आणि आपल्याकडच्या उकाड्यात त्याला दुसऱ्याच दिवशी दुर्गंधी सुटते. डब्यात तळाशी अंथरलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओले असेल तर माश्या आणि माइट नावाचे सूक्ष्म जीवही होतात.

उंदरातील कॅल्शियममुळे कात टाकताना कोळी अडकतो, असे बरेच जण सांगतात. हा दावा ऐकीव आहे, त्यामुळे पिंकी नाकारण्यासाठी मी तो वापरणार नाही. कोळ्याला हाडे नसतात, त्याचे कवच मुख्यतः कायटिन आणि प्रथिनांचे असते, म्हणून उंदराच्या कॅल्शियमचा त्याला खास लाभ नाही, एवढे पुरेसे आहे. शिवाय जड भक्ष्याने उदर फुगते, आणि जमिनीवर राहणाऱ्या जातीचा असा फुगलेला कोळी थोड्या उंचीवरून पडला तरी उदर फुटून मरू शकतो. दक्षिण अमेरिकेतील अवाढव्य गोलायथ बर्डईटर टॅरंटुलासुद्धा निसर्गात प्रामुख्याने गांडुळे, किडे आणि बेडूक यांवरच जगतो.

याच विक्रेत्याच्या यादीत जिवंत उंदीरही आहे, जो यादीत असूच नये. उंदराचे दात कोळ्याला जखमी करू शकतात, आणि केवळ करमणुकीसाठी एखादा प्राणी कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य बनवणे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. असल्या झुंजींच्या चित्रफिती कौतुकाने फिरवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

किड्यांपैकी मीलवर्मचा डबा स्वस्त आणि भरवशाचा निघाला. झाकणाला भोके होती आणि काळ्या पडलेल्या मेलेल्या अळ्या मोजक्याच होत्या. गिरणीतून आणलेल्या गव्हाच्या कोंड्यात गाजराच्या चकत्या टाकल्या की या अळ्या फ्रिजमध्ये बरेच आठवडे राहतात; सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये मरतात. मीलवर्म कोकोपीटमध्ये घुसून बसतात, म्हणून त्यांचे डोके चिमट्याने दाबूनच ते द्यावेत. रातकिडे मी पुन्हा मागवणार नाही, कारण निम्मे वाटेतच मेले आणि उरलेल्यांनी रात्रभर झोपू दिले नाही.

सर्वांत समाधान दिले ते दुबिया झुरळांनी. ती गुळगुळीत प्लास्टिकवर चढू शकत नाहीत, आवाज करत नाहीत, आणि ३० अंशांच्या आसपासच्या उबेत त्यांची वीण चांगली वाढते, त्यामुळे आपला उन्हाळा जो इतर मालाला मारतो तो यांना बऱ्याच अंशी मानवतो. घरात मुद्दाम झुरळे आणण्यासाठी घरच्यांची संमती मिळवणे ही स्वतंत्र मोहीम आहे. पैसे वाचवण्यासाठी कपाशीच्या किंवा केळीच्या शेतातून नाकतोडे धरून आणणे मात्र टाळावे; फवारणीचे विष त्यांच्यासोबत कोळ्याच्या पोटात जाते.

प्रौढ मादीला आठवड्या-दोन आठवड्यांतून एक किडा पुरतो. तो कोळ्याच्या उदरापेक्षा लहान असावा, आणि चोवीस तासांत खाल्ला नाही तर काढून घ्यावा, कारण कात टाकणाऱ्या मऊ कोळ्याला भुकेला किडा कुरतडू शकतो.

विक्रेत्याकडे तक्रार एकच: दुबियाच्या डब्यावर ना आकार लिहिलेला असतो ना नर-मादी. प्रौढ नराला लांब पंख असतात आणि मादीला नुसते खुंट, त्यामुळे वेगळे करणे अवघड नाही. नर-माद्यांचा संच दिवाळीनंतरच्या थंडीत पाठवण्याची सोय त्याने करावी, मग मीलवर्मचा डबाही मागवावा लागणार नाही.